शांततेचा कारखाना

हावडा-मुंबई मार्गावरच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या लेखी रसमडा नावाचं गाव अस्तित्वातच नाही. दुर्ग सुटतं, शिवनाथचा पूल धडधडतो, वातानुकूलित डब्यातला प्रवासी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतो, आणि तेवढ्यात रसमडा मागे पडलेलं असतं. त्याच्याशी ओळख करून घ्यायची तर लोकलच पकडावी लागते. ही लोकल दुर्गच्या पुढे रसमडा, मुढीपार, परमलकसा अशी एकेका गावाची विचारपूस करत राजनांदगावला पोचते आणि तिथून तशीच रमतगमत डोंगरगडला. लग्नपत्रिका वाटायला निघालेल्या काकूसारखी ती वाटेतलं एकही दार चुकवत नाही.

आम्ही त्या लोकलमध्ये बसलो होतो ते शांतीच्या शोधात. शांतीच्या शोधात निघालेली माणसं जेवढा गोंगाट करतात तेवढा नवरदेवाकडचं वऱ्हाडसुद्धा करत नाही, हे माझं बऱ्याच वर्षांचं मत आहे. त्या दिवशी त्याला भरपूर पुरावा मिळाला.

आमच्या मंडळात मामाजी होते, मामी होती, मामाजींची मोठी बहीण म्हणजे आमची नागपूरची मावशी होती, मोबाइलमध्ये बुडालेला मामेभाऊ होता, मी होतो आणि माझी शाळकरी मुलगी होती. मामाजी भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नंतरच्या वर्षांत नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली तरुण पोरं एकामागून एक भिलाईच्या गाडीत चढली. दोन वर्षं नोकरी करून परत येऊ, असं घरी सांगून गेलेली ही मंडळी अजून परत यायची आहेत. त्यांनी सेक्टरांत क्वार्टर घेतलं, अंगणात कढीपत्ता लावला, मुलांना हिंदी शाळेत घातलं आणि विहार बांधलं. त्यांच्या घरात एकाच वाक्यात नागपूर, रशिया आणि छत्तीसगड सुखाने नांदतात. मामी एकदा म्हणाली होती, "ब्लास्ट फर्नेसवाले काल आले होते न, त्याइले ठेठरी-खुरमी बांधून देल्ली." यात कोणता शब्द कुठून आला, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. खुरमी चांगली झाली होती.

मामाजींची सगळी नोकरी रेल मिलमध्ये गेली. आपल्या देशातली रेल्वे ज्या रुळांवरून धावते त्यातले बहुतेक भिलाईत तयार होतात, ही गोष्ट सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत संपते. मामाजींकडे ती संपत नाही. ते आगगाडीत बसले की प्रवासी राहत नाहीत, पाहणीला आलेले यजमान होतात. गाडी मऊसूत चालली की मान डोलावतात. हिसका बसला की म्हणतात, "हा आमचा नाई." फक्त तिकिटाच्या खिडकीपाशी त्यांचा चेहरा जरा उतरतो. देशभर रूळ पुरवलेल्या माणसालाही रांगेत उभं राहून पैसे मोजावे लागतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आदल्या रात्री कुठे जायचं यावर बैठक झाली होती. मामेभावाचा आग्रह सिरपूरचा. त्याच्याकडे पुरावे होते आणि ते सगळे एकाच मोबाइलमध्ये होते. महानदीच्या काठचं सिरपूर म्हणजे जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात भिक्खू आनंदप्रभूने तिथे विहार बांधलं, आणि ते विटांचं विहार पन्नासच्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उकरून जगासमोर आणलं. दीक्षित म्हणजे आपला मराठी माणूस, हे त्याने मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं. सातव्या शतकात ह्युएन त्संग एवढा चीनहून चालत दक्षिण कोसलात आला, मग आपल्याला भिलाईहून गाडी करून जायला काय हरकत आहे, असा त्याचा बिनतोड सवाल होता.

"सिरपूरले स्टेशन हाय का?" मामाजींनी विचारलं.

नव्हतं. जवळचं स्टेशन महासमुंद, पुढे रस्त्याने. दीड हजार वर्षांचा इतिहास त्या एका प्रश्नावर पडला. जिथे रूळ जात नाही तिथे मामाजी जात नाहीत. मावशीने डोंगरगडच्या बाजूने मत दिलं, कारण तिचं तिथलं प्रज्ञागिरीचं बुद्धदर्शन राहिलं होतं. बाकी सगळं झालेलं आहे तिचं. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, सांची, अजिंठा. प्रत्येक ठिकाणच्या शांततेला तिने मनातल्या मनात गुण दिलेले आहेत आणि ते ती न विचारता सांगते. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसची शांतता गार, फरशीसकट गार, तळपायापासून वर चढणारी. दीक्षाभूमीच्या स्तूपातली मोठी, पण घुमणारी, एखादं पोर रडलं की तिचे चार गुण कमी होतात. सांचीला पर्यटक फार. प्रज्ञागिरीचा रकाना अजून कोरा होता.

सकाळी निघण्याआधी सेक्टरातल्या विहारात वंदना घ्यायची ठरली. देशातल्या यच्चयावत विहारांप्रमाणे याही विहाराची किल्ली शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका सद्गृहस्थांकडे होती, आणि असे सगळेच सद्गृहस्थ सकाळी फिरायला जातात. ते येईपर्यंत आम्ही व्हरांड्यात उभे राहून भिंतीवरच्या देणगीदारांच्या फरशा वाचल्या. दार उघडल्यावर समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेब, मग रमाई, सावित्रीबाई, जोतीराव, आणि डोक्यावर पंखे. पंख्यांच्या पात्यांवर तांबड्या रंगात नावं. पहिल्या पात्यावर 'कालकथित वडिलांच्या', दुसऱ्यावर 'स्मृतिप्रीत्यर्थ', तिसऱ्यावर देणाऱ्याचं नाव आणि क्वार्टर नंबर. मामेभावाने बटण दाबलं. पंखा हळूहळू वेगात आला आणि बघता बघता वडील गेले, स्मृती गेली, क्वार्टर नंबरही गेला. राहिला तो नुसता वारा. अनित्यतेवर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत, पण इतक्या थोड्या वेळात कोणाला ती सांगता आलेली नाही. देणगीदाराचं नाव वाचायचं तर वीज जावी लागते. भिलाईच्या सेक्टरांत ती सहसा जात नाही, त्यामुळे तिथलं दान आपोआपच निनावी होतं.

त्रिशरण-पंचशील झालं. मामीने मेणबत्ती लावली, ती पंख्याने विझली, पंखा बंद केला, नावं परत आली, मावशी घामाघूम झाली, पंखा लावला, मेणबत्ती विझली. शेवटी पंखा की प्रकाश यावर मतदान झालं. मावशीचं मत दोनदा मोजलं गेलं, तेव्हा पंखा जिंकला.

दुर्ग स्टेशनबाहेर पोहे-जिलबी खाल्ली. नागपूरचा माणूस पोह्यांवर तर्री शोधतो, तशी मावशीने शोधली, ती नव्हती म्हणून उसासा टाकला आणि दुसरी प्लेट मागवली. लोकलमध्ये जागा मिळाली. समोरच्या बाकावर भाजीच्या टोपल्या, कोपऱ्यात शेवग्याच्या शेंगांचा भारा, आणि त्याला टेकून बसलेली एक म्हातारी. तिने मावशीला विचारलं, "कहाँ जावत हव दाई?" मावशी म्हणाली, "डोंगरगड." म्हातारीने दोन्ही हात जोडून वर बघितलं. म्हणजे डोंगरगडची देवी बमलेश्वरी. मावशीने खुलासा करायला तोंड उघडलं, पण एवढ्यात गाडी हलली आणि मामाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐका."

आम्ही ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं.

"येऊन राहिलं का काही ऐकू?"

"नाही, मामाजी."

"तेच त! थे आमची मिल."

मग त्यांनी ते समजावून सांगितलं, आणि मला कबूल करायला हवं की त्या दिवसाचं खरं प्रवचन तेच होतं. पूर्वी रूळ तेरा-तेरा मीटरचे यायचे. दोन रुळांच्या मध्ये फट, फटीला दोन्ही बाजूंनी फिशप्लेट, आणि प्रत्येक फटीवर चाक आपटलं की खडखट. आगगाडीचा जो आवाज आपण लहानपणी तोंडाने काढायचो तो गाडीचा नव्हताच, फटींचा होता. मग भिलाईने रूळ कारखान्यातच जोडून 260 मीटरचे पॅनल पाठवायला सुरुवात केली. मामाजी निवृत्त झाल्यावर नव्या मिलमध्ये 130 मीटरचा सलग रूळ निघू लागला. तसे दोन जोडले की पॅनल तयार. पुढे लाइनवर हे पॅनलसुद्धा एकमेकांना जोडतात. मैलोगणती फट नाही. फट नाही म्हणून आवाज नाही.

"लोकं शांती शांती करते," मामाजी म्हणाले, "पण शांती कोणी बनवाव लागते. बाराशे डिग्रीवर."

मावशी म्हणाली, "थी येगळी शांती."

"शांती शांती असते बाई. एक फट ठेवून पाय, मंग सांग."

माझी मुलगी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. तेवढ्यात शिवनाथचा पूल आला आणि डबाभर धडधडाट झाला. मावशीने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिलं. "तो पूल हाय," मामाजी शांतपणे म्हणाले, "रूळ नाई."

आणि मग रसमडा आलं.

गाडी थांबली. दोन माणसं उतरली, तीन चढली, गार्डने खाली उतरून पाठ मोकळी केली. गाडी तिथेच. रसमड्याचा फलाट लांब आहे आणि त्यावर बघण्यासारखं फारसं काही नाही, त्यामुळे जे आहे ते नीट बघून होतं. एक पिंपळ. त्याच्याखाली सायकल. सायकलच्या कॅरिअरवर मुरमुऱ्याचं पोतं, इकडे त्याला मुर्रा म्हणतात. पलीकडे बोरईचं औद्योगिक क्षेत्र, स्पाँज आयर्नच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि त्या सगळ्यातून उठून सगळीकडे बसलेली एक करडी-तांबूस धूळ. ती पिंपळाच्या पानांवर होती, सायकलच्या सीटवर होती, फलाटावर झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर होती. कुत्रं उठलं, अंग झटकलं, क्षणभर पांढरं दिसलं आणि पुन्हा त्याच जागी झोपलं.

शेजारच्या रुळावरून मालगाडी जाऊ लागली. खनिजाने भरलेल्या वाघिणींची रांग, एकसारखी, संपता संपेना. माझ्या मुलीने आणि मामाजींनी मोजायला सुरुवात केली. ती खिडकीतून बोट नाचवत मोजत होती, मामाजी डोळे मिटून, नुसत्या कानाने. गार्डचा डबा गेला तेव्हा ती म्हणाली अठ्ठावन्न, मामाजी म्हणाले एकोणसाठ. दोन्ही आकडे शक्य असतात, असं मामाजींनीच आधी सांगितलेलं होतं. त्यामुळे निवाडा होईना. मामेभाऊ म्हणाला, "दादा, व्हिडिओ काढला असता तर." काढला नव्हता. तो गाड्यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या ॲपमध्ये आपली गाडी कुठे उभी आहे ते शोधत होता. ॲपच्या मते आम्ही मुढीपार सोडलं होतं.

गाडी उभीच. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. डब्यातलं बोलणं हळूहळू संपलं. आधी तक्रारी संपल्या, मग अंदाज संपले, मग राजकारण संपलं. मोबाइलचं नेटवर्क गेलं. शेंगवाल्या म्हातारीचे डोळे मिटले. मावशीचीही मान पुढे झुकली, हात मांडीवर, तळवे वर. सकाळी विहारात दहा मिनिटांच्या ध्यानात ती तीनदा घड्याळ बघत होती. इथे कोणी घंटा वाजवली नव्हती, कोणी डोळे मिटा म्हटलं नव्हतं, आणि सगळा डबा ध्यानाला बसला होता. विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जावं लागतं आणि आधी नोंदणी करावी लागते. इथे दुर्ग ते राजनांदगाव तिकिटात ते आपोआप होतं.

मावशीने मात्र नंतर साफ नाकारलं. ती म्हणाली, "झपकी लागली होती."

तिला जागं केलं ते समोर येऊन बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी. खिशाला निळ्या काठाचा रुमाल. त्यांनी मावशीच्या गळ्यातलं पंचशीलाच्या रंगांचं लॉकेट पाहिलं आणि "जय भीम" म्हणाले. मावशीची झोप तत्काळ उडाली. पाच मिनिटांत दोघांची गावं, आडनावं आणि सोयरिकी तपासून झाल्या आणि कोणत्या तरी चुलत मेहुण्यापाशी नातं जुळलंसुद्धा. गृहस्थ राजनांदगावकडचे. त्यांचे वडील 1956 च्या दसऱ्याला गाडीने नागपूरला गेले होते, दीक्षा घ्यायला.

"परदेशात गेल्यासारखं वाटलं असेल तेव्हा," मामेभाऊ म्हणाला.

गृहस्थांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. कसलं परदेश? तेव्हा नागपूर राजधानी होती आमची. आणि हे खरंच आहे, आपण विसरून जातो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते; त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. त्यानंतर अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग भोपाळच्या वाट्याला आलं. म्हणजे राजनांदगावची ती माणसं आपल्याच राजधानीला जाऊन बौद्ध होऊन आली, आणि घरी येऊन अंथरूण आवरेपर्यंत राजधानीच दुसऱ्या राज्यात गेली. धर्म बदलायला त्यांना शतकं लागली. राज्य बदलायला काहीच करावं लागलं नाही.

अजूनही दसऱ्याच्या आठवड्यात याच लाइनवर हे दृश्य असतं, ते म्हणाले. गाड्या खच्चून भरतात. अर्ध्या डब्याच्या कपाळाला लाल टिळा, अर्ध्या डब्याच्या हातात निळा झेंडा. नवरात्रात डोंगरगडला एरवी न थांबणाऱ्या गाड्यासुद्धा थांबतात. तिथे लाल टिळेवाले उतरतात, मग निळ्या झेंड्यांना बसायला जागा होते, आणि ते पाय पसरून नागपूरपर्यंत जातात. "देवीचे उपकार," असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसले. मावशी हसावं की नाही या विचारात पडली आणि तेवढ्यात गाडी सुटली.

मुढीपार आणि परमलकसा कधी आले ते कळलं नाही. राजनांदगावला गृहस्थ उतरले. मला खरं तर तिथे उतरून दिग्विजय महाविद्यालयापर्यंत जायचं होतं. गजानन माधव मुक्तिबोध शेवटची वर्षं तिथे शिकवत होते. मराठी घरातला माणूस, हिंदीत लिहून हिंदीचा मोठा कवी झाला, आणि धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीतच राहून मराठीचा झाला. एका घराने दोन भाषांची सोय केली. मी हे सांगायला लागलो तर मामी म्हणाली, "तिकडं कवीच्या घरी जाऊ मंग प्रज्ञागिरी कधी? उन्हात?" 1964 साली वारलेल्या माणसाला घाई नव्हती. आम्हाला होती.

डोंगरगड स्टेशनाबाहेर पाय ठेवताच रिक्षावाल्यांनी आम्हाला घेरलं.

"माताजी? ऊपर वाली कि नीचे वाली?"

"माताजी नाही," मावशी म्हणाली.

"तो चंद्रगिरि? जैन मंदिर?"

"नाही."

रिक्षावाला गोंधळला. डोंगरगडला डोंगरांची वाण नाही. एका डोंगरावर सोळाशे फुटांवर बमलेश्वरी, हजाराच्या वर पायऱ्या आणि रोपवे. एकीकडे चंद्रगिरी, मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे आचार्य विद्यासागर महाराज फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे समाधिस्थ झाले. आणि एकीकडे आमचा प्रज्ञागिरी. मावशीने मोठ्याने आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "बुद्ध."

"अच्छा, बुद्ध भगवान! पहले बोलना था ना माताजी." माताजी हा शब्द शेवटी मावशीलाच चिकटला. भाडं देवीएवढंच. "सीढ़ी कम है," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू बाकीचे पैसे पायऱ्यांत वळते होत होते.

पायथ्याशी नारळ, चुनरी, बत्ताशे आणि देवीचे फोटो घेऊन बसलेल्या एका बाईने आमच्याकडे एकवार पाहिलं, मावशीचं पांढरं पातळ पाहिलं, आणि टोपलीखालून मेणबत्त्या आणि उदबत्त्यांचा पुडा काढला. धर्मनिरपेक्षतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी या बाईंकडून टोपली लावायला शिकावी.

इथे रोपवेचा प्रश्न निघाला. समोरच्या डोंगरावर तारेवरून डबे वर-खाली जात होते आणि मामी ते केव्हाची बघत होती.

"फक्त बसू," ती म्हणाली.

"बावीस प्रतिज्ञा हायेत," मावशी म्हणाली.

"त्यात रोपवे कुठं हाय?"

"1956 ले रोपवे नव्हता म्हणून नाई."

"मंग झालं. गाडीच त हाय ते. गाडीत बसाले कोण नाई म्हणते?"

"अवं, पण थे उतरवते कुठं?"

"मी उतरतच नाई. तशीच बसून वापस येते."

मी कायद्याचा विद्यार्थी असतो तर या युक्तिवादावर प्रबंध लिहिला असता. मावशीही क्षणभर निरुत्तर झाली. मामाजींनी निकाल दिला. तारेवर चालणाऱ्या वाहनाला रूळ नसतो, सबब आपला त्याच्याशी संबंध नाही. मामीने पदर खोचला आणि प्रज्ञागिरीच्या पायऱ्या अशा वेगाने चढायला लागली की वरून खाली येणाऱ्या लोकांना बाजूला व्हावं लागलं.

पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. समोरच्या डोंगराच्या मानाने फार नाहीत, पण मावशीच्या गुडघ्यांना दोन डोंगरांची तुलना करायची नव्हती. प्रत्येक वळणावर ती बसली, आणि प्रत्येक वेळी बसल्यावर एका बौद्ध स्थळाच्या पायऱ्या आठवल्या. अजिंठ्याला डोलीवाले असतात, सांचीला चढ सावकाश. वर पोचेपर्यंत आम्हाला निम्म्या भारताचं दर्शन झालं होतं.

वर तीस फुटी बुद्ध बसलेला आहे, सोनेरी, पूर्वेकडे तोंड करून. हे बांधणाऱ्यांनी फार विचाराने केलेलं असणार. सकाळी पहिलं ऊन थेट चेहऱ्यावर येतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती, सूर्य बुद्धाच्या पाठीमागे होता, आणि मामेभावाच्या फोटोंत तथागतांच्या जागी काळी आकृती येत होती. त्याने चार-पाच कोन बदलले. मग त्याला सुचलं की मावशीने पुढे उभं राहून हात असा धरायचा की बुद्ध तळहातावर बसल्यासारखा दिसेल. पोरं ताजमहालाला करतात तसं. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की पंचशीलातलं अहिंसेचं पहिलं शील तिला स्वतःलाच आठवावं लागलं.

"इथं शांत बसाचं असते," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की बाजूला खरोखर शांत बसलेला एक तरुण दचकून उठला.

मग तिने सगळ्यांना ओळीने बसवलं. पाच मिनिटं ध्यान. मामीला बांगड्या वाजवू नको म्हणाली. माझ्या मुलीला कुजबुजू नको म्हणाली. मामाजींना घोरू नका म्हणाली. दर मिनिटाला एक सूचना होत होती. समोरच्या डोंगरावरून लाउडस्पीकरवर देवीची गाणी वाऱ्यावर येत-जात होती. मावशीने तिकडेही एकदा हात केला, पण ते फार लांब होतं. खाली तळी चमकत होती, गावाची कौलं, आणि मध्ये सरळ रेघेसारखा लोहमार्ग. एक गाडी गेली. नुसती गेली. आवाज वर आलाच नाही.

मामाजींनी डोळे उघडले आणि मावशीच्या कोपराला हलकेच ढोसलं. मावशीने डोळे उघडले नाहीत. पण तिच्या ओठांचा कोपरा जरा हलला, हे मी पाहिलं आणि मामाजींनीही. प्रज्ञागिरीला तिने नंतर किती गुण दिले ते मात्र अजून जाहीर केलेलं नाही. दरवर्षी 6 फेब्रुवारीला तिथे बौद्ध संमेलन भरतं, ते बघितल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही म्हणे.

परतीच्या लोकलमध्ये समोर रायपूरचं एक कुटुंब होतं, बमलेश्वरीहून आलेलं, पायऱ्या चढून पार थकलेलं. त्यांनी नारळाचा प्रसाद पुढे केला. डब्यात एक नाजूक क्षण आला. मावशी खिडकीबाहेर बघू लागली. मामीने हात पुढे केला आणि म्हणाली, "खोबरंच त हाय." तिच्या कायदेशीर बुद्धीबद्दलचा माझा आदर दुणावला. मग परतफेड म्हणून तिने डबा उघडला. आमच्या डब्यात पोळ्या होत्या, बटाट्याची भाजी होती आणि मावशीने नागपूरहून बरणीत भरून आणलेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता. कुटुंबप्रमुखांनी भाजी समजून पोळीवर चांगला दोन चमचे घेतला. मामी त्यांना थांबवायला गेली, पण उशीर झाला होता. त्यांनी घास चावला, थांबले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी डबाभर ऐकू जाईल असा देवीचा जयजयकार केला. मावशीने न बोलता आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी घसा साफ करत विचारलं, "भाईसाब, ये क्या चीज है?"

"नागपूर," मामाजी म्हणाले.